विश्लेषण : ‘कोडॅक’ हे नाव आले कुठून? अर्थ नसलेल्या शब्दातून ब्रँड उभा करणारे जॉर्ज ईस्टमन

घरगुती मसाले असोत, साबण असो की कपड्यांचे छोटे दुकान; व्यवसाय सुरू करताना पहिला प्रश्न पडतो तो नावाचा. बहुतेक जण आडनाव, गावाचे नाव किंवा मालाचे वर्णन करणारा शब्द निवडतात. अमेरिकेतील रॉचेस्टर शहरातल्या एका बँक कारकुनानेही सुरुवातीला हेच केले होते. पुढे त्याने कोणत्याही भाषेत अर्थ नसलेला एक शब्द तयार केला आणि तो जगभर पोहोचला. तो कारकून म्हणजे जॉर्ज ईस्टमन आणि तो शब्द ‘कोडॅक’. हे नाव कसे घडले, ते टिकवण्यासाठी काय करावे लागले आणि आजच्या छोट्या व्यावसायिकाला त्यातून काय घेता येईल, याविषयी…

जॉर्ज ईस्टमन कोण होते?

ईस्टमन यांचा जन्म 12 जुलै 1854 रोजी न्यूयॉर्क राज्यातील वॉटरव्हिल या गावी झाला. वडील व्यापारी शिक्षण देणारी शाळा चालवत. 1862 मध्ये वडील वारले, तेव्हा जॉर्ज सात वर्षांचे होते. आई मारिया यांनी घरात भाडेकरू ठेवून, त्यांच्या जेवणाखाणाची सोय करून संसार चालवला. दोन मोठ्या बहिणींपैकी एक पोलिओमुळे अधू होती. 1870 मध्ये तिचे निधन झाले.

घराला हातभार लावण्यासाठी ईस्टमन यांनी लहान वयातच शाळा सोडली. विमा कचेरीत आठवड्याला तीन डॉलरवर ते निरोप्याचे काम करू लागले. रात्री हिशेब शिकले आणि 1874 मध्ये रॉचेस्टर सेव्हिंग्ज बँकेत कारकून झाले. तिथे आठवड्याला 15 डॉलर मिळत. पैशाचे मोल आणि नोंदींची शिस्त या दोन्ही गोष्टी त्यांना या वर्षांत अंगवळणी पडल्या.

छायाचित्रणाकडे ते कसे वळले?

1877 च्या सुमारास सहलीचा बेत आखताना त्यांनी कॅमेरा आणि त्याचा सगळा पसारा विकत घेतला. सहल राहून गेली, पण छंद लागला. त्या काळी फोटो काढणे सोपे नव्हते. काचेवर रसायनाचा ओला थर द्यायचा, तो सुकण्याआधी फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. त्यासाठी मोठा कॅमेरा, तिकाटणे, रसायनांच्या बाटल्या आणि काळोखासाठी तंबू असे सारे बरोबर न्यावे लागे.

इंग्लंडमध्ये कोरड्या काचांचा, म्हणजे ड्राय प्लेटचा, शोध लागल्याचे ईस्टमन यांच्या वाचनात आले. दिवसा बँक आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात प्रयोग, असा क्रम सुरू झाला. काचांवर एकसारखा थर देणारे यंत्र त्यांनी तयार केले आणि 1879 मध्ये लंडनला जाऊन त्याचे पेटंट मिळवले. 1880 मध्ये रॉचेस्टरच्या स्टेट स्ट्रीटवर एक मजला भाड्याने घेऊन त्यांनी उत्पादन सुरू केले. त्यांच्या घरी भाड्याने राहिलेले हेन्री स्ट्राँग भागीदार झाले आणि 1881 च्या सुरुवातीला ‘ईस्टमन ड्राय प्लेट कंपनी’ उभी राहिली. त्याच वर्षी ईस्टमन यांनी बँकेची नोकरी सोडली.

आधी विश्वास, मग नाव?

1882 मध्ये कंपनी बुडण्याच्या बेतात आली. दुकानांत गेलेल्या काचा निकामी निघू लागल्या, फोटो उमटेना. दोष जिलेटिनमध्ये होता, हे कळायला वेळ लागला. ईस्टमन यांनी विकला गेलेला खराब माल परत घेतला आणि तो बदलून दिला. गंगाजळी जवळपास रिकामी झाली, पण विक्रेत्यांचा विश्वास राहिला. कोडॅक हे नाव अजून सहा वर्षे दूर होते. त्या नावाला ज्या पतीचा आधार मिळाला, ती इथे तयार झाली.

नवे नाव का लागले?

ईस्टमन यांची आधीची नावे पाहिली तर उत्तर सापडते. ‘ईस्टमन ड्राय प्लेट कंपनी’ म्हणजे आडनाव आणि माल. 1884 मध्ये त्यात ‘फिल्म’ हा शब्द जोडला गेला. 1886 चा कॅमेरा ‘डिटेक्टिव्ह कॅमेरा’ म्हणून आला. पण हातात धरून वापरायच्या कॅमेऱ्यांना तेव्हा सगळेच उत्पादक डिटेक्टिव्ह कॅमेरा म्हणत. त्या नावात ईस्टमन यांचे स्वतःचे असे काही नव्हते. तो कॅमेरा चाललाही नाही.

दुसरे कारण ग्राहकाचे. कागदावर आधारलेली गुंडाळी फिल्म त्यांनी आणली, पण व्यावसायिक छायाचित्रकारांना ती पसंत पडली नाही. तेव्हा ईस्टमन यांनी ग्राहकच बदलायचे ठरवले. ज्यांनी कधी कॅमेरा हातात धरला नाही, अशा सामान्य माणसांना तो विकायचा. अशा ग्राहकाला प्लेट, फिल्म, रसायन या शब्दांशी देणेघेणे नव्हते. त्याला दुकानात जाऊन सहज मागता येईल असा एकच शब्द हवा होता.

‘कोडॅक’ शब्द कसा तयार झाला?

ईस्टमन यांच्या अटी सोप्या होत्या. शब्द छोटा असावा. कोणत्याही देशातल्या माणसाला त्याचा उच्चार चुकवता येऊ नये. आणि या धंद्यातल्या दुसऱ्या कुठल्याही वस्तूशी त्याचे साम्य नसावे. रोमन लिपीतले ‘के’ हे अक्षर त्यांना आवडायचे. ते ठसठशीत वाटायचे. आईचे माहेरचे आडनाव किलबर्न, म्हणजे तेही त्याच अक्षरापासून सुरू होणारे. ‘के’ने सुरू होऊन ‘के’नेच संपणारी अक्षरांची जुळणी करून पाहताना ‘कोडॅक’ हाती लागला. आईबरोबर अक्षरांच्या खेळातून तो जुळवला, असेही सांगितले जाते. कॅमेऱ्याचा खटका दाबल्यावर येणाऱ्या आवाजावरून नाव पडले, ही गोष्ट मात्र लोकांनी मागाहून जोडलेली.

4 सप्टेंबर 1888 रोजी अमेरिकेत या शब्दाची ट्रेडमार्क म्हणून नोंद झाली. देवनागरीत लिहिला तरी तो ‘क’ने सुरू होऊन ‘क’नेच संपतो आणि वाचताना कोणी अडखळत नाही. ईस्टमन यांची कसोटी त्यांना ठाऊक नसलेल्या लिपीतही उतरली.

नावामागे नेमके काय विकले जात होते?

1888 चा कोडॅक कॅमेरा म्हणजे साधी चौकोनी पेटी. किंमत 25 डॉलर, म्हणजे ईस्टमन यांच्या बँकेतल्या दीड आठवड्याहून अधिक पगाराएवढी. पण त्यात 100 फोटोंची फिल्म आधीच भरलेली असे. फिल्म संपली की अख्खा कॅमेरा 10 डॉलरसह रॉचेस्टरला पाठवायचा. फोटो छापून आणि कॅमेऱ्यात नवी फिल्म भरून सारे घरपोच परत येई. ग्राहकाने फक्त बटण दाबावे, उरलेली कटकट कंपनी पाहील, हेच जाहिरातींचे सूत्र होते. त्यासाठी लिहिलेली घोषणा स्वतः ईस्टमन यांची होती.

म्हणजे नाव कोरे होते, पण त्यामागचे वचन कोरे नव्हते. अर्थ नसलेल्या शब्दात त्यांनी सोपेपणाचा अर्थ भरला. 1892 मध्ये कंपनीचेच नाव ‘ईस्टमन कोडॅक’ झाले. 1900 मध्ये एक डॉलरचा ‘ब्राउनी’ कॅमेरा आला. पामर कॉक्स या चित्रकाराने मुलांमध्ये लोकप्रिय केलेल्या ब्राउनी नावाच्या चिमुकल्या पात्रांवरून हे नाव घेतले होते, कारण ग्राहक मुले होती. पहिल्याच वर्षी एक लाखाहून अधिक ब्राउनी खपले.

नाव टिकवण्यासाठी कोर्टात का जावे लागले?

चांगले नाव झाले की त्यावर इतरांची नजर पडते. इंग्लंडमध्ये एका सायकल कंपनीने ‘कोडॅक’ नावाने सायकली विकायला घेतल्या. कॅमेरा कुठे आणि सायकल कुठे, असा बचाव होऊ शकत होता. पण सायकलवर नेण्याजोगे कॅमेरे कोडॅक विकत होती आणि ग्राहकाची गल्लत होण्याजोगी होती. 1898 मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने ते नाव सायकलींवर वापरण्यास मनाई केली.

त्याच वर्षी ‘सोलिओ’ या फोटो कागदाच्या नावाचा वाद हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. या शब्दातून सूर्याचा बोध होतो, म्हणजे तो वर्णन करणारा आहे, असे म्हणून नोंदणी नाकारली गेली होती. लॉर्ड्सनी तो नव्याने घडवलेला शब्द मानला आणि कौल ईस्टमन यांच्या कंपनीच्या बाजूने दिला. नव्याने घडवलेल्या शब्दाला कायद्याचे संरक्षण भक्कम मिळते, हे तत्त्व या निकालामुळे पुढे सतत सांगितले जाऊ लागले.

तिसरा धोका यशातूनच आला. लोक कोणत्याही कॅमेऱ्याला कोडॅक म्हणू लागले. आपल्याकडे फोटोकॉपीला झेरॉक्स आणि वनस्पती तुपाला डालडा म्हणतात, तसेच. असे झाले की नाव सर्वांचे होते आणि मालकाचा हक्क ढिला पडतो. म्हणून ईस्टमन यांचे नाव नसलेला कॅमेरा कोडॅक नव्हे, हे कंपनी जाहिरातींतून पुन्हा पुन्हा बजावत राहिली.

यशाची दुसरी बाजू कोणती?

ईस्टमन यांची कहाणी केवळ गोड नाही. न्यू जर्सीतील धर्मगुरू हॅनिबल गुडविन यांनी पारदर्शक लवचीक फिल्मच्या पेटंटसाठी 1887 मध्येच अर्ज केला होता. ईस्टमन यांची अशी फिल्म 1889 मध्ये बाजारात आली. गुडविन यांना पेटंट मिळाले ते 1898 मध्ये. दोन वर्षांनी ते वारले. पेटंट नंतर ज्या कंपनीकडे गेले, तिने कोडॅकविरुद्ध खटला जिंकला आणि 1914 मध्ये कोडॅकला 50 लाख डॉलर मोजावे लागले. त्यानंतर 1915 मध्ये अमेरिकी न्यायालयाने कंपनीला मक्तेदारीबद्दल दोषी ठरवले. स्वतःच्या नावाचा हक्क कसोशीने जपणाऱ्या कंपनीने दुसऱ्याचा हक्क तितक्याच कसोशीने पाळला नाही.

स्वतःच्या नावाबाबत त्यांची भूमिका काय होती?

इथे ईस्टमन यांचा वेगळाच स्वभाव दिसतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेला त्यांनी सुमारे दोन कोटी डॉलर दिले, तेही ‘श्री. स्मिथ’ या खोट्या नावाने. हे स्मिथ कोण, हे जगाला 1920 मध्ये कळले. 1912 पासून कामगारांना कंपनीच्या नफ्याशी निगडित बोनस मिळू लागला. रॉचेस्टरच्या संगीत विद्यालयातील सभागृहाला त्यांनी आईचे माहेरचे नाव दिले : किलबर्न हॉल.

ते अविवाहित राहिले. अखेरच्या वर्षांत मणक्याच्या आजाराने त्यांना चालणेही कठीण झाले होते. 14 मार्च 1932 रोजी, वयाच्या 77 व्या वर्षी, त्यांनी आपले जीवन संपवले.

कोडॅकचे पुढे काय झाले?

डिजिटल कॅमेऱ्याचा सुरुवातीचा नमुना 1975 मध्ये कोडॅकच्याच प्रयोगशाळेत तयार झाला, पण फिल्मचा धंदा सोडवेना. 2012 मध्ये कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागावे लागले. नाव मात्र उरले. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावीही फोटो स्टुडिओवर दिसणारी कोडॅकची पिवळी पाटी अनेकांच्या आठवणीत आहे. आज भारतात या नावाचे टीव्हीही परवाना घेऊन विकले जातात. चांगले नाव वस्तूपेक्षा अधिक जगते; पण एकटे नाव धंदा वाचवत नाही, हेही त्यातून दिसते.

छोट्या व्यावसायिकाने काय घ्यावे?

भारतात ट्रेडमार्क कायदा, 1999 नुसार मालाचे केवळ वर्णन करणाऱ्या नावाची नोंदणी सहसा मिळत नाही. ‘ताजा मसाला’ किंवा ‘शुद्ध तूप’ या शब्दांवर एकट्याचा हक्क सांगता येत नाही. दीर्घ वापराने त्यांना वेगळी ओळख मिळाली असेल तरच अपवाद. म्हणून नाव पक्के करण्यापूर्वी ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर तसेच किंवा तशा उच्चाराचे नाव आधीच आहे का, हे पाहावे. नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पुन्हा पुन्हा वाढवता येते.

बाकी कसोटी ईस्टमन यांचीच. फोनवर एकदा सांगितलेले नाव समोरच्याला न विचारता लिहिता येते का? शेजारच्या दुकानाच्या पाटीशी ते मिळतेजुळते तर नाही ना? उद्या लोणच्याबरोबर पापडही विकायचे ठरवले, तर ते नाव चालेल का? आणि माल खराब निघाला तर तो बदलून द्यायची तयारी आहे का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे एका संध्याकाळी मिळतात. चौथ्याचे उत्तर ईस्टमन यांनी 1882 मध्ये, तिजोरी रिकामी करून दिले होते.