मदतीआधी एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे? लुई ब्रेल यांची गोष्ट

रस्त्याच्या कडेला अंध व्यक्ती उभी दिसली की आपल्यातले बरेच जण काय करतात? थेट तिचा दंड धरतात आणि पलीकडे नेऊन सोडतात. हेतू चांगला असतो, पण तिला रस्ता ओलांडायचा होता का, हे विचारायचं राहून जातं.

दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या एका शाळेत हेच चाललं होतं.

लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधल्या कूपव्रे गावात झाला. वडील घोड्यांची खोगिरं बनवायचे. तीन वर्षांचा लुई त्यांच्या कारखान्यात खेळत असताना टोकदार हत्यार त्याच्या डोळ्यात घुसलं. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यात गेला आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले.

१८१९ मध्ये लुई पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत दाखल झाला. तिथली पुस्तकं जाडजूड होती. त्यात नेहमीचीच अक्षरं कागदावर उठावदार छापलेली असायची. डोळ्यांना ती सहज वाचता यायची, बोटांना मात्र एकेक अक्षर चाचपावं लागायचं. शिवाय मुलांना स्वतः लिहिता येत नव्हतं ते वेगळंच. ही पद्धत डोळसांनी ठरवली होती.

पुढे चार्ल्स बार्बिए या माजी लष्करी अधिकाऱ्यानं तयार केलेली ठिपक्यांची लिपी शाळेत आली. कल्पना चांगली होती. पण एका खुणेत १२ पर्यंत ठिपके, ते एका बोटाखाली मावेनात. त्यात ती उच्चारांवर बेतलेली, म्हणजे शुद्धलेखन आणि विरामचिन्हांना जागाच नाही.

लुईनं १२ चे ६ ठिपके केले. १८२४ मध्ये लिपी बऱ्यापैकी तयार झाली, तेव्हा त्याचं वय होतं अवघं १५. १८२९ मध्ये ती पुस्तकरूपात आली. बोटाच्या एका स्पर्शात एक अक्षर! मुलं वाचू लागली, लिहूही लागली.

मग सगळे खूश झाले असतील? नाही. १८४० मध्ये आलेल्या नव्या संचालकांनी ही लिपी शाळेतून हद्दपार केली. मुलं ती लपूनछपून वापरत राहिली. शेवटी १८४४ मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनात तिचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. पण ६ जानेवारी १८५२ रोजी क्षयानं ब्रेल यांचं निधन झालं आणि फ्रान्सनं लिपीला अधिकृत मान्यता दिली ती १८५४ मध्ये. भारतात १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली. मराठी ब्रेलही त्याच सहा ठिपक्यांवर उभी आहे.

मग आपण काय करायचं? आधी आपलं नाव सांगा, मदत हवी का ते विचारा. 'नको' म्हणाले तर राग मानू नका. 'हो' म्हणाले तर त्यांना ओढू नका, आपला हात त्यांना धरू द्या. सोबत कुणी असलं तरी बोलायचं त्या व्यक्तीशीच. निघताना सांगून निघा. आणि फोटो पोस्ट करताना त्यात काय दिसतंय, ते दोन ओळींत लिहा. तुमची पोस्ट कानांनी वाचणारेही आहेत.