डॉ. वाल्डेमार हाफकिन

औषधाची सुई टोंचून घेतल्यावर हात ठणकला किंवा अंग तापलें, कीं पुढली सुई नको म्हणणारे पुष्कळ जण आम्हांस वाटूरच्या परिसरांत भेटतात. विद्यार्थिमित्रहो, हाच त्रास ज्यांनीं लोकांकरितां प्रथम स्वतः सोसला, त्या डॉ. हाफकिन यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

त्यांचा जन्म १८६० सालीं ओडेसा शहरीं एका यहुदी कुटुंबांत झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत त्यांनीं पटकीवरील लस शोधिली व १८९२ सालीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. पुढल्याच वर्षीं ते हिंदुस्थानांत आले.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ उद्भवली. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील लहानशा जागेंत डॉक्टरसाहेबांनीं प्लेगचे जंतु वाढविले, ते उष्णतेनें मारले व त्यांची लस केली. ती माणसाच्या शरीरास मानवेल कीं नाहीं, हें कोणासच ठाऊक नव्हतें. म्हणून १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं तिची मोठी मात्रा स्वतः घेतली. ताप चढला, टोंचलेली जागा दुखूं लागली. परंतु ते त्यांतून बरे झाले. मगच भायखळ्याच्या तुरुंगांतील स्वेच्छेनें पुढें आलेल्या कैद्यांस लस देण्यांत आली.

याहून कठीण प्रसंग पुढेंच होता. १९०२ सालीं पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं १०७ लोकांस लस टोंचली. त्यांपैकीं १९ जण धनुर्वातानें दगावले. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला व डॉक्टरसाहेबांस पदावरून दूर व्हावें लागलें. परंतु मेलेले सर्व जण एकाच बाटलींतील लस घेतलेले होते, आणि ती बाटली उघडतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं त्यांची बाजू मांडली व १९०७ सालीं ते दोषमुक्त झाले. १९२५ सालीं परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेस त्यांचें नांव देण्यांत आलें. १९३० सालीं स्वित्झर्लंडांत लोझान येथें त्यांचा अंत झाला.

पालकांनीं यांतून एक विवेक घ्यावा. लसीनें आलेला थोडा ताप बहुधा एकदोन दिवसांत उतरतो. त्यास भिऊं नये. परंतु पेनिसिलीनसारख्या प्रतिजैविकानें अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा धाप लागली, तर तत्काळ दवाखाना गांठावा, आणि पुढें प्रत्येक डॉक्टरांस तें आठवणीनें सांगावें. त्रास लपविणें आणि त्रासाच्या भीतीनें औषधच टाळणें, हीं दोन्हीं सारखींच घातक होत.