बाबासाहेबांची सही

बल्लारपूर म्हटले की कागद आठवतो. चांदा-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू येथे आला, त्याचा लगदा झाला आणि कागद होऊन देशभर गेला. परंतु कागद कितीही पांढराशुभ्र असला तरी त्याला वजन येते ते सहीने. म्हणून सही कोणाची, कोणत्या परिस्थितीत आणि कोणासाठी झाली, हे तपासलेच पाहिजे.

पुढाऱ्यांच्या पेनांचे जगाला मोठे कौतुक! २ सप्टेंबर १९४५ रोजी जपानची शरणागती स्वीकारताना जनरल मॅकआर्थर यांनी एकाच सहीसाठी अनेक पेने वापरली आणि पुढे ती वाटून टाकली. अशी पेने आज जपून ठेवली जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही पुस्तकांप्रमाणेच फाउंटन पेनांचा षोक होता. ज्या समाजाच्या हाती शतकानुशतके लेखणी येऊ दिली गेली नाही, त्या समाजाच्या मुलाचा हा षोक होता. पुस्तकांसाठी सुभेदार रामजी लेकींचे दागिने गहाण टाकीत. त्या पैशातून घडलेल्या हाताने १९२० साली 'मूकनायक' काढला, १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढला आणि त्याचे बहुतेक रकाने एकट्याने लिहून काढले.

मग आला २४ सप्टेंबर १९३२. ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाला होता. त्याविरुद्ध येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी प्राणांतिक उपोषण मांडले. उपोषणात काही बरेवाईट झाले असते तर खेड्यापाड्यांतल्या आमच्या वस्त्यांचे काय झाले असते? हे ओझे बाबासाहेबांच्या मनगटावर होते. पुणे करारावर त्यांनी सही केली. राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेला. अंतिम निवड संयुक्त मतदारसंघाच्या, म्हणजे बहुसंख्य सवर्णांच्या मतांवर गेली.

सह्या झाल्यावर राजगोपालाचारी इतके हरखले की त्यांनी आपले फाउंटन पेन बाबासाहेबांना देऊन त्यांचे स्वतः घेतले. पेनांची अदलाबदल क्षणात झाली. सत्तेची अदलाबदल मात्र झाली नाही! जागा आमच्या आणि उमेदवार पसंतीचा त्यांचा, ही तक्रार बाबासाहेबांनी पुढे वारंवार मांडली.

पंधरा वर्षांनी तोच हात संविधानाच्या मसुद्यावर फिरू लागला. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली, बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. ढासळत्या प्रकृतीत त्यांनी हे काम पार पाडले. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेच्या २८४ सदस्यांनी संविधानाच्या प्रतीवर सह्या केल्या. १९३२ ची सही कोंडीत धरलेल्या नेत्याची होती. १९५० ची सही राष्ट्राला कायदा देणाऱ्याची होती.

यानंतरची सही आमच्या मते तितकीच मोठी आहे, पण तिची चर्चा कमी होते. हिंदू कोड बिल रखडवले गेले. स्त्रियांचा वारसाहक्क आणि घटस्फोटाचा हक्क बासनात बांधला गेला. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिमंडळाच्या राजीनाम्यावर सही केली. खुर्ची मिळविण्यासाठी सही करणारे पुष्कळ. तत्त्वासाठी खुर्ची सोडणारी सही दुर्मीळ.

आणि १६ ऑक्टोबर १९५६? नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेब आपल्या चांद्याला आले. बल्लारपूरहून हाकेच्या अंतरावरच्या त्या मैदानावर अफाट जनसमुदायाने धम्मदीक्षा घेतली. तेथे ना करार, ना पेन. माणसांनी उभे राहून बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या आणि त्या पाळल्या. ज्यांना सही येत नव्हती त्यांनीही हजारो वर्षांचा जुना करार त्या दिवशी मोडला. सात आठवड्यांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. आदल्या रात्री त्यांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद बिछान्याजवळ मागवून घेतले होते.

आज परिस्थिती काय आहे? राखीव जागेवर आमची भगिनी सरपंच होते, ठरावावर सही तिची असते, पण ठराव लिहिणारा अनेकदा दुसराच असतो. हा छोटा पुणे करार गावोगाव घडतो आहे. दुसरीकडे २०११ साली गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक आले. ज्या बांबूचा परवाना वर्षानुवर्षे सरकारी साहेब देत होता, त्यावर गावाची सही चालू लागली. संविधानाचा अर्थ तो हाच.

बाबासाहेबांचे पेन काचेच्या पेटीत पाहून हात जोडणे सोपे आहे. आमचे बांधवांना आणि भगिनींना सांगणे इतकेच की, कागद पुढे आला की आधी वाचा, विचारा, चार जणांत चर्चा करा. पटले तर सही करा. पटले नाही तर १९५१ आठवा आणि पेन खाली ठेवा.