डॉक्टर हेन्री व्हॅनडाइक कार्टर

कोणता रोग कोठे किती, हे मांडून पाहिले म्हणजे त्याच्या कारणाचा माग लागतो. लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ च्या पटकीत मेलेल्यांच्या खुणा नकाशावर करून हे दाखविले. आपल्या मुलुखात महारोगाचा, म्हणजे कुष्ठरोगाचा, ठिकाणवार शोध करणारे गृहस्थ डॉ. कार्टर होत.

हे १८३१ साली इंग्लंडात हल शहरी एका चित्रकाराच्या घरी जन्मले. ग्रे यांच्या शारीरशास्त्राच्या प्रसिद्ध ग्रंथातील चित्रे यांच्याच हातची. नाव मात्र ग्रे यांचे झाले. तो ग्रंथ निघाला त्याच वर्षी, १८५८ साली, हे मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकविले, व पुढे साताऱ्यास सिव्हिल सर्जन झाले.

सरकारने १८६७ साली मुंबई इलाख्यातील महारोग्यांची गणती करविली. दुसऱ्या कोणी ते कागद दप्तरात बांधून ठेवले असते. कार्टरांनी ते जिल्ह्याजिल्ह्याने लावून पाहिले, तो रोग कोठे दाट, कोठे विरळ असा आढळला. जालन्याच्या वाचकांनी मात्र त्यांत आपला गाव शोधू नये. इलाखा गोदावरीपलीकडे नगर जिल्ह्याशीच संपे. आपण निजामाच्या राज्यात होतो. रोगास ती हद्द ठाऊक नव्हती.

रोग वंशपरंपरेने येतो, या मताकडे कार्टरांचा प्रथम कल होता. खरी अडचण येथेच आहे. बाप व मुलगा एकाच छपराखाली राहतात. दोघांस रोग झाला, तर तो रक्तातून आला की सहवासातून, हे ठिकाणावरून कसे कळावे? याचा उलगडा करण्यास ते नॉर्वेस गेले. तेथे १८५६ पासून रोग्यांची नोंद ठेवीत, आणि १८७३ साली बर्गेन येथे डॉ. हान्सेन यांस रोगाचे जंतू दिसले होते. हे सर्व पाहून कार्टरांनी आपले मत बदलले. चाळिशी उलटलेल्या विद्वानास हे सोपे नसते, हे आम्ही आमच्यावरून जाणतो.

मग रोग्यांस वेगळे ठेवावे, असे ते सरकारास सांगू लागले. औषध नव्हते म्हणून हा उपाय सुचला. तरी अशा उपायाने किती घरांची ताटातूट झाली, हे आम्हांस विसरवत नाही. आज गोळ्यांनी हा रोग पूर्ण बरा होतो, आणि कोणासही घराबाहेर घालविण्याचे कारण उरलेले नाही.

१८७७ च्या दुष्काळात मुंबईस आलेल्या उपाशी लोकांत ताप पसरला. कार्टरांनी त्यांच्या रक्तात मळसूत्रासारखे जंतू पाहिले, व तोच ताप त्यांसही आला. त्यातून ते वाचले. १८८८ साली ते स्वदेशी परतले, आणि १८९७ साली स्कारबरो येथे मरण पावले.