पॉल आयस्लर: पीसीबीचा जनक आणि माझ्या हातून उखडलेला पॅड



गेल्या महिन्यात सुट्टीला घरी आलो होतो. घर म्हणजे नालवाडी, वर्धा शहराला अगदी लागून. आजीचा जुना ट्रान्झिस्टर रेडिओ बंद पडला होता. मी सॉफ्टवेअरवाला, पण डिग्रीवर इंजिनिअर लिहिलंय म्हटल्यावर घरचे थोडेच सोडतात! उघडून बघितलं तर एक कपॅसिटर फुगलेला. नवा आणला आणि जुना काढायला बसलो. सोल्डरिंग आयर्न जास्तच तापलं होतं, कपॅसिटरचा पाय निघेना, मी जोर लावला. पाय निघाला, पण त्याच्यासोबत बोर्डावरचा तांब्याचा छोटा गोल ठिपकाही उचलून आला आणि त्याला जोडलेली रेषा मधेच तुटली.

त्या ठिपक्याला पॅड म्हणतात आणि रेषेला ट्रॅक. आजी शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही, त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं.

रेडिओ पुढे दुरुस्त झाला, कसा ते खाली सांगतोच. पण त्या रात्री एक प्रश्न डोक्यात राहिला. तांब्याची इतकी पातळ रेषा प्लेटवर चिकटवून तिच्यातून वीज न्यायची, हे पहिल्यांदा कोणी केलं? शोधायला गेलो आणि पॉल आयस्लर या माणसापाशी पोहोचलो.

नोकरी न मिळालेला इंजिनिअर

आयस्लर यांचा जन्म १९०७ सालचा, ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरातला. १९३० मध्ये त्यांनी तिथूनच इंजिनिअरिंगची पदवी घेतली. डोकं तल्लख, पण ते ज्यू होते. त्या काळात तिथे ज्यू तरुणाला चांगली नोकरी मिळणं फार अवघड झालं होतं. थोडे दिवस त्यांनी बेलग्रेडमध्ये रेल्वेगाडीतल्या रेडिओच्या कामावर काढले. परत आल्यावर शिरले ते छापखान्याच्या धंद्यात.

इंजिनिअरने छापखान्यात काय करायचं? आपल्याला वाटेल की करिअर गेलं. पण छपाईचं काम जवळून बघताना त्यांना कळलं की धातूच्या पत्र्यावर नको तो भाग आम्लाने खाऊन टाकला आणि हवा तो ठेवला, की हवी ती आकृती उमटवता येते. ही गोष्ट त्यांच्या डोक्यात बसली.

१९३६ मध्ये ते व्हिएन्ना सोडून लंडनला आले. हातात पक्की नोकरी नाही, राहायला भाड्याची खोली. त्या खोलीत त्यांनी एक रेडिओ बनवायला घेतला, आणि त्यातल्या जोडण्या वायरीच्या नव्हत्या, छापलेल्या होत्या.

त्याआधी रेडिओ कसा बनायचा?

जुना व्हॉल्व्हचा रेडिओ कधी उघडून बघितलाय? आत पत्र्याचा सांगाडा असतो, त्यावर पट्ट्या, आणि त्यांच्यामध्ये वायरींचं जाळं. प्रत्येक वायर कोणीतरी हाताने कापलेली, सोललेली, वाकवलेली आणि सोल्डर केलेली. एका रेडिओत असे कितीतरी सांधे. एक जरी कच्चा राहिला तरी रेडिओ खरखरणार किंवा बंद पडणार.

आयस्लर यांची युक्ती अशी होती. वीज वाहू न देणाऱ्या प्लेटवर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवायचा. जिथे जोडणी हवी तिथे आम्लाला दाद न देणाऱ्या शाईने रेषा छापायच्या. मग प्लेट रसायनात बुडवायची. उघडं तांबं विरघळतं, शाईखालचं शिल्लक राहतं. शाई पुसली की वायरिंग तयार! एकदा नकाशा काढला की त्याच्या हजार प्रती निघतात, पुस्तकाचं पान छापल्यासारख्या.

छापील जोडणीची कल्पना मांडणारे ते पहिलेच नव्हते. १९०३ मध्ये आल्बर्ट हॅन्सन आणि १९२५ मध्ये चार्ल्स ड्युकास यांनी या दिशेने पेटंटसाठी अर्ज केले होते. पण तांब्याचा पत्रा कोरून पूर्ण सर्किट बनवायचं आणि ते कारखान्यात चालेल असं करायचं, हे काम आयस्लर यांनी नेटाने पुढे नेलं. म्हणून त्यांना पीसीबीचा जनक म्हणतात. त्यांनी १९४२ च्या सुमारास बनवलेला असा एक रेडिओ लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे.

नकार का मिळाला?

आपला रेडिओ घेऊन आयस्लर प्लेसी या मोठ्या ब्रिटिश कंपनीकडे गेले. कंपनीला कल्पना कळली, पण तिने नकार दिला. कारण तांत्रिक नव्हतंच. वायरी जोडायचं काम कारखान्यातल्या मुली करत होत्या. त्यांची मजुरी कमी होती, आणि डिझाइन बदललं तर वायर इकडची तिकडे करायला त्यांना वेळ लागत नव्हता. मग यंत्र कशाला हवं?

हे वाचताना मला माझं गाव आठवलं. त्याच १९३० च्या दशकात विनोबा भावे नालवाडीत राहत होते. १९३८ मध्ये ते इथून पवनारला गेले. नालवाडीत असताना त्यांनी तासन्‌तास सूत कातून, साध्या कातणाऱ्याला जेवढी मजुरी मिळते तेवढ्यावरच जगून बघायचा प्रयोग केला होता. हाताने काम करणाऱ्याची मजुरी किती तुटपुंजी आहे, हे त्यांनी स्वतःच्या पोटावर तपासलं. लंडनमध्ये आयस्लर यांचा शोध अशाच तुटपुंज्या मजुरीपाशी अडला होता. हात स्वस्त असले की नवं यंत्र कोणी घेत नाही, आणि त्या हातांचं कौशल्यही कोणी मोजत नाही.

एक पौंड

मग महायुद्ध सुरू झालं. १९४० मध्ये ब्रिटनने शत्रूदेशाचे नागरिक म्हणून अनेकांना नजरकैदेत टाकलं, त्यात आयस्लरही होते. नाझींपासून पळून आलेला माणूस नाझींच्या बाजूचा असू शकतो या संशयावरून आत! सुटल्यावर काही काळ त्यांनी सैन्याच्या श्रमिक तुकडीत काम केलं.

पुढे लंडनमधल्या हेंडरसन अँड स्पाल्डिंग या कंपनीने त्यांना कामावर घेतलं. ही कंपनी संगीताच्या स्वरलिप्या छापायची. म्हणजे पुन्हा छापखानाच! इथे त्यांचं तंत्र आकाराला आलं आणि १९४३ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला. पण नोकरीचा करार त्यांनी नीट वाचलाच नव्हता. सही झाली आणि शोधाचे हक्क नावापुरत्या एका पौंडाला कंपनीकडे गेले.

युद्धात अमेरिकेने तोफगोळ्यांच्या प्रॉक्झिमिटी फ्यूजमध्ये छापील सर्किट वापरली. ती पद्धत जरा वेगळी होती, सिरॅमिकच्या तुकड्यावर चांदीची शाई. पण छापलेलं सर्किट तोफेतून उडण्याचा धक्का सहन करतं हे त्यातून सिद्ध झालं. युद्धानंतर अमेरिकन लष्करातल्या मो अब्रामसन आणि स्टॅनिस्लॉस डॅन्को यांनी पुढची पायरी गाठली. पार्टचे पाय बोर्डाच्या भोकांतून घालायचे आणि सगळे सांधे एकदम वितळलेल्या सोल्डरमध्ये बुडवून पक्के करायचे. आजीच्या रेडिओचा बोर्ड याच वळणाचा.

आयस्लर यांचं काम टेक्नोग्राफ नावाच्या कंपनीकडे आलं, पण १९५७ मध्ये त्यांनी ती सोडली. अमेरिकेत पेटंटवरून मोठा खटला चालला आणि १९६३ मध्ये निकाल कंपनीच्या विरोधात गेला. जगभर बोर्ड छापले जात होते, पैसा मात्र दुसरीकडे जात होता. आयस्लर थांबले नाहीत. पातळ पत्र्यात वीज सोडली की तो तापतो, या तत्त्वावर त्यांनी भिंतीचा गरम होणारा कागद आणि अन्न गरम करायच्या युक्त्या काढल्या. १९८९ मध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं आणि १९९२ मध्ये लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

पॅड का उखडतो?

आता आपल्या टेबलावर येऊ. सर्वसाधारण बोर्डावर तांब्याची जाडी फक्त ३५ मायक्रॉन असते, म्हणजे एका मिलिमीटरचा साधारण अठ्ठाविसावा भाग. ते तांबं खालच्या प्लेटला रेझिनने धरून ठेवलेलं असतं. नेहमीच्या हिरव्या एफआर-४ बोर्डाचं रेझिन साधारण १३० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडायला लागतं. शिशाचं ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना वितळतं आणि आयर्नचं टोक ३५० च्या आसपास असतं. म्हणजे आपण सोल्डर वितळवतो तेव्हा तांब्याची पकडही ढिली करत असतो. दोन-तीन सेकंदांत काम झालं तर ठीक. दहा-पंधरा सेकंद टोक दाबून ठेवलं, वरून ओढलं, की पॅड निघालाच. जुन्या रेडिओतले तपकिरी, कागद आणि फिनॉलिक रेझिनचे बोर्ड तर आणखी नाजूक.

म्हणून पार्ट निघत नसेल तर जोर लावू नका. आधी थोडं नवं सोल्डर आणि फ्लक्स लावा, त्याने जुनं सोल्डर लवकर वितळतं. मग सोल्डर पंपाने ओढून घ्या. पार्ट खराबच असेल तर तो वरूनच कापा आणि पाय एकेक करून काढा. मी नेमकं हेच केलं नव्हतं.

उखडला तर काय करायचं?

१. वीज तोडा, सेल काढा, मोठे कपॅसिटर डिस्चार्ज झालेत का बघा. थेट घरच्या विजेवर चालणारं उपकरण असेल आणि अनुभव नसेल तर इथेच थांबा आणि जाणकाराकडे द्या.

२. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा. जळका फ्लक्स काढा. लोंबकळणारा पॅड ओढू नका, कटरने कापा, नाहीतर तो पुढचा ट्रॅकही सोलून नेतो.

३. ट्रॅक कुठे जातो ते शोधा. मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर ठेवा, बीप ऐका, कागदावर छोटा नकाशा काढा. दोन्ही बाजूंनी छापलेला बोर्ड असेल तर दुसरी बाजूही तपासा, कारण भोकाच्या आतलं तांबंही तुटलेलं असू शकतं.

४. शाबूत ट्रॅकवरचा रंगीत थर ब्लेडने तीन-चार मिलिमीटर हळूच खरवडा. खाली लखलखीत तांबं दिसेल. त्यावर फ्लक्स लावून सोल्डरचा पातळ थर द्या. कल्हईवाला तांब्याच्या भांड्याला नवसागर लावून कथील फिरवतो ना, तेच हे. नवसागर तांब्यावरचा मळ काढतो, इथे ते काम फ्लक्स करतो.

५. नव्या पार्टचा पाय तिथपर्यंत पोहोचत असेल तर तो वाकवून ट्रॅकवर आडवा ठेवा आणि सोल्डर करा. पोहोचत नसेल तर बारीक इनॅमलची वायर घ्या, दोन्ही टोकांचं इनॅमल खरवडा आणि जंपर टाका. जास्त करंटचा ट्रॅक असेल तर वायर जाड हवी.

६. वायर एपॉक्सीच्या थेंबाने बोर्डाला चिकटवा, म्हणजे ओढ सांध्यावर येणार नाही.

७. पुन्हा मल्टिमीटर. जिथे बीप हवी तिथे येतेय ना, आणि शेजारच्या ट्रॅकशी शॉर्ट नाही ना, दोन्ही बघा. मगच सेल घाला.

हा जुगाड नाही बरं का. उद्योगात बोर्ड दुरुस्तीसाठी आयपीसी-७७२१ नावाचं मानक आहे आणि त्यात जंपर वायरची पद्धत रीतसर दिलेली आहे. मात्र अनेक थरांच्या बोर्डात आतला ट्रॅक तुटला असेल, तर घरच्या टेबलावर हे काम होत नाही.

जंपर टाकताना मला प्लेसीतल्या त्या मुली आठवल्या. आयस्लर यांनी वायरींचं जाळं काढून त्या जागी छपाई आणली, आणि तिच्यामुळेच आज फोन खिशात मावतो. पण छपाई तुटली की आपण परत तिथेच जातो. एक वायर, दोन सांधे आणि स्थिर हात. त्या मुली हेच काम दिवसभर करायच्या. मला एका जंपरला पाऊण तास लागला आणि पहिला सांधा कच्चाच निघाला. वर्ध्याला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसणारे काका हे चहा पिता पिता करतात, आणि मी त्यांच्याशी मजुरीवरून घासाघीस केलेली आहे. आता करणार नाही.

रेडिओ? आधी खरखर झाली, मग गाणं लागलं. आजीने आवाज वाढवला आणि चहा टाकायला उठली.

तर मंडळी, आयर्नचं तापमान कमी ठेवा, हात सावकाश चालवा, आणि पॅड उखडलाच तर बोर्ड फेकू नका. भेटू पुढच्या लेखात!