सगळ्यांनी नापास केलेला थर्मामीटर ग्रीक-लॅटिन शिकलेल्या पोरानं पास करून दाखवला

खर्डा म्हटलं की १७९५ ची मराठे आणि निजामाची लढाई आठवते. पण खर्ड्यात असो नाहीतर पुण्यात, घरात ओव्हन आला की एक वेगळीच लढाई सुरू होते. १८० अंशांवर लावलेली नानकटाई एकदा करपते, दुसऱ्यांदा आतून कच्ची राहते. मग कुणीतरी येतं आणि सेन्सर गेला म्हणून सांगून मोकळं होतं.

पण सेन्सर खरंच गेलेला असतो का?

नेमका हाच प्रश्न साधारण १४० वर्षांपूर्वी २३ वर्षांच्या एका पोरानं सोडवला. त्याचं नाव ह्यू लाँगबर्न कॅलेंडर. आज अनेक डिजिटल ओव्हनमध्ये जो प्लॅटिनमचा सेन्सर असतो, तो भरवशाचा झाला तो याच्यामुळं.

त्याआधी काय झालं होतं ते बघू. प्लॅटिनमची तार तापली की तिचा विजेला होणारा रोध वाढतो. म्हणजे रोध मोजला की तापमान कळतं. वर्नर सीमेन्सचा भाऊ विल्यम सीमेन्स यानं १८७१ मध्ये ही कल्पना मांडली. त्यानं प्लॅटिनमची तार मातीच्या नळकांड्यावर गुंडाळली, लोखंडी नळीत घातली आणि भट्टीचं तापमान मोजायचं यंत्र केलं.

पण १८७४ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या समितीनं हे यंत्र तपासलं आणि घोळ समोर आला. भट्टीत तापवून परत थंड केलं की रोध मूळ आकड्यावर येईना. रोज वेगळा आकडा दाखवणारं यंत्र कोण वापरणार? ही पद्धत जवळपास मोडीतच निघाली.

कॅलेंडरचा जन्म १८ एप्रिल १८६३ चा, इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या हॅथरॉप गावचा. वडील पाद्री. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात त्यानं १८८४ मध्ये ग्रीक-लॅटिनमध्ये पहिला वर्ग मिळवला आणि पुढच्याच वर्षी गणितात. भौतिकशास्त्राचं रीतसर शिक्षण त्यानं घेतलेलं नव्हतं. तरीही तो कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसनच्या हाताखाली कामाला लागला आणि त्यानं हाच बदनाम थर्मामीटर हातात घेतला.

कॅलेंडरनं आधी प्लॅटिनमवर शिक्का मारला नाही. तारेच्या आजूबाजूला काय आहे, ते तो बघत गेला. मोठ्या उष्णतेत मातीचा आणि लोखंडी नळीतल्या वायूंचा तारेवर परिणाम होत होता. तारेवर ताण आला तरी आकडा बदलत होता. त्यानं शुद्ध तार घेतली, ती अशुद्धीपासून आणि ताणापासून सांभाळली आणि हवेच्या थर्मामीटरशी ताडून पाहिली. आता ती दर वेळी तेच सांगू लागली. म्हणजे प्लॅटिनम निर्दोष होतं, दोष त्याच्या संगतीत होता! १८८७ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं.

दुसरी भानगड होती जोडणीच्या तारांची. त्यांचाही रोध मोजमापात मिसळायचा. त्यानं शेजारी तशाच तारांची आणखी एक जोडी ठेवली आणि तिचा रोध वजा करण्याची सोय केली.

आता आपल्या ओव्हनकडे येऊ. साध्या बटणाच्या ओटीजीत बहुतेक वेळा यांत्रिक थर्मोस्टॅट असतो, त्याला ही तपासणी लागू नाही. डिजिटल ओव्हनमध्ये प्लॅटिनमचा एक प्रकार असा असतो, की शून्य अंशाला त्याचा रोध १००० ओहम आणि २५ अंशांना साधारण ११०० ओहम भरतो. पुढं दर अंशाला तो सुमारे ३.८ ओहमनं वाढतो. सगळ्या ओव्हनचे आकडे सारखे नसतात, त्यामुळं आपल्या मॉडेलचा आकडा आधी बघावा.

प्लग काढून, ओव्हन थंड करून मल्टिमीटर लावला की दोष वेगवेगळे ओळखता येतात. रोध मोजताच येत नसेल तर तार तुटलीय. शून्याजवळ असेल तर शॉर्ट आहे. तार हलवल्यावर आकडा उड्या मारत असेल तर जोडणी सैल आहे. सेन्सर आणि त्याच्या धातूच्या नळीमध्ये वीज जात असेल तर आतलं आवरण खराब झालंय.

आणि कॅलेंडरची आठवण करून देणारा दोष म्हणजे गंजलेली जोडणी. तिथं ४० ओहम रोध वाढला, तर ओव्हन स्वतःला साधारण १० अंश जास्त तापलेला समजतो आणि कॉइल लवकर बंद करतो. नानकटाई कच्ची राहते. सेन्सर मात्र ठणठणीत असतो! म्हणून आकडा एकदा ओव्हनच्या आतल्या जोडणीपाशी आणि एकदा थेट सेन्सरवर घ्यावा. दोन्हीत फरक आला तर दोष वाटेत आहे. हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावं.

पुढं १८९३ मध्ये कॅलेंडर कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात प्राध्यापक झाला. १८९८ मध्ये त्यानं सोडलेल्या जागेवर आला अर्नेस्ट रदरफोर्ड. लंडनला परतल्यावर त्यानं वाफेच्या गुणधर्मांवर मोठं काम केलं. १९२७ मध्ये तापमानाचं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं, तेव्हा त्याच्या बऱ्याच मोठ्या पल्ल्यासाठी प्लॅटिनमचा हाच थर्मामीटर निवडला गेला. एकेकाळी नापास झालेलं यंत्र आता इतरांना तपासणार होतं.

२१ जानेवारी १९३० ला कॅलेंडर गेला. पुढं १९३८ मध्ये त्याचा मुलगा गाय यानं हवेतल्या वाढत्या कार्बन डायऑक्साइडचा आणि पृथ्वीच्या वाढत्या तापमानाचा संबंध मांडला. बापानं तापमान नीट मोजायला शिकवलं, लेकानं ते वाढतंय हे दाखवलं.

तेव्हा पुढच्या वेळी नानकटाई बिघडली, तर नवा सेन्सर मागवण्याआधी जोडणी बघा.