कोपऱ्यातली सही

मंडळाच्या या अंकासाठी व्यक्तिचरित्रं लिहायची ठरलं, तेव्हा मी पोचेपर्यंत सावित्रीबाई, पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक ही नावं वाटूनही झाली होती. मी पामेला कोलमन स्मिथ असं नाव सांगितलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग मी पिशवीतून एक पत्ता काढून टेबलावर ठेवला. ढग, पाऊस, आणि लाल हृदयात आरपार घुसलेल्या तीन तलवारी. चारपाच जणांनी तो लगेच ओळखला. कुणी टी-शर्टवर पाहिला होता, कुणी मोबाईलच्या कव्हरवर. चित्र सगळ्यांना ठाऊक आणि चित्रकार कुणालाच नाही, हे तिच्या बाबतीत शंभराहून जास्त वर्षं चालू आहे.

आधी एक कबुली. टॅरोचे पत्ते मी घेतले ते कलेच्या ओढीनं नव्हे. माझे बाबा बोर्ड रंगवतात. बेळगावातल्या कितीतरी दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या आहेत. मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्ही अक्षरं सारखीच वळणदार. फ्लेक्स आला आणि काम कमी होत गेलं. बाबा त्यावर घरात अवाक्षर बोलत नसत. मला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं की हे असं किती दिवस चालणार. विचारायचं कुणाला? म्हणून पत्ते.

भविष्य बघणं चर्चला मान्य नाही, हे आपल्या कॉलेजात नव्यानं सांगायला नको. त्यामुळे हे लिहिताना जरा बिचकायला होतंय. पण ज्या बाईनं हे पत्ते काढले ती पुढं स्वतःच कॅथलिक झाली आणि तिनं धर्मगुरूंसाठी विश्रामगृह चालवलं, हे कळल्यावर मला धीर आला.

जोड निवडताना माझ्यासमोर तीन पर्याय होते. एक मार्सेयचा, जुन्या फ्रेंच ठशाचा. त्यात छोट्या पत्त्यांवर नुसते पेले आणि तलवारी मोजून मांडलेल्या असतात, आपल्या पत्त्यांतल्या बदाम-इस्पिकासारख्या. दुसरा थॉथ. अलीस्टर क्रोली यांच्या कल्पनेवरून फ्रीडा हॅरिस या बाईंनी तो १९३८ ते १९४३ या काळात रंगवला. दिसायला फार देखणा. पण ज्योतिष, कब्बाला, हिब्रू अक्षरं यांचे इतके थर की मी पहिल्याच दिवशी हात टेकले. तिसरा रायडर-वेट. त्यात जवळजवळ प्रत्येक पत्त्यावर माणसं आहेत, काहीतरी घडतंय. मी तोच घेतला. कुणी मला विचारलं तर मी एवढंच सांगते, की मोठे पत्ते बघून भुलू नका, छोटे उलटून बघा. मोठे पत्ते सगळीकडेच भारी असतात.

एकूण पत्ते ७८. त्यातले २२ मोठे. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हा पत्त्यांचा साधा खेळ होता तेव्हा हे २२ जवळजवळ हुकमाचेच पत्ते होते. भविष्याशी त्यांचा संबंध फार उशिरा, अठराव्या शतकात फ्रान्समध्ये जोडला गेला. उरलेले ५६ छोटे, चार रंगांचे: काठ्या, पेले, तलवारी, नाणी. आमच्या घरी दिवाळीत पत्ते रंगतात, त्यामुळे माझ्या तोंडी तीच भाषा आली. तलवारींची तिर्री, नाण्यांची पंजी. पुस्तकी नावं मला अजून पाठ नाहीत.

बाबांमुळे मला एक सवय लागली आहे. कुठलंही चित्र दिसलं की मी आधी खालचा कोपरा बघते. बाबा पाटीच्या उजव्या कोपऱ्यात बारीक ब्रशनं आपलं नाव टाकतात. एका दुकानदारानं ते पुसायला लावलं होतं, ते मला अजून आठवतं. पत्त्यांची पेटी उघडली तेव्हा तिच्यावर रायडर हे नाव होतं, वेट हे नाव होतं. आणि पत्त्यांच्या कोपऱ्यात मात्र नागमोडी वळणाची एक खूण होती. नीट पाहिलं तर पी, सी, एस ही तीन अक्षरं एकमेकांत गुंतलेली. पामेलाची आणि माझी ओळख झाली ती त्या खुणेतून.

तिचा जन्म १६ फेब्रुवारी १८७८ चा, लंडनमधला. आईवडील अमेरिकन. सुरुवातीची वर्षं मँचेस्टरकडे गेली, आणि ती अकराएक वर्षांची असताना वडिलांना जमैकात रेल्वे वाढवणाऱ्या कंपनीत नोकरी मिळाली, तेव्हा कुटुंब किंग्स्टनला गेलं. तिथल्या लोकांकडून तिनं अनान्सीच्या गोष्टी ऐकल्या. अनान्सी म्हणजे कोळी. अंगानं लहान, पण भल्याभल्यांना चकवणारा. आपल्याकडचा कोल्हा जसा गोष्टीगोष्टीतून फिरतो तसाच. या गोष्टी तिनं तिथल्याच बोलीत लिहून, स्वतः चित्रं काढून १८९९ साली पुस्तकरूपात आणल्या. तेव्हा ती २१ वर्षांची होती.

दरम्यान ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये ती चित्रकला शिकली. आर्थर वेस्ली डाऊ हे तिचे शिक्षक. जपानी ठशांसारखी ठसठशीत रेषा, सपाट रंग, रिकामी जागा राखायची शिस्त, हे तिथलं. पदवी न घेताच ती बाहेर पडली. १८९६ मध्ये आई गेली, १८९९ मध्ये वडील. समुद्र इतक्यांदा ओलांडलेली ही मुलगी आता एकटी लंडनला आली. तलवारींच्या छक्कीत एक नाव आहे. नावाडी, पाठमोरी बाई, तिच्या शेजारी मूल. तो पत्ता माझ्या हातात आला की मला किंग्स्टनचं बंदर आठवतं, जे मी पाहिलेलं नाही. अभ्यासकांना हे पटणार नाही, पण मला काही परीक्षा द्यायची नाही.

लंडनमध्ये तिला नाटकवाल्यांनी जवळ केलं. लायसियम थिएटरचे हेन्री आयर्विंग, एलन टेरी, आणि तिथला कारभार बघणारे ब्रॅम स्टोकर, म्हणजे ड्रॅक्युलाचे लेखक. एलन टेरीनं तिचं नाव पिक्सी ठेवलं. ती पोशाखांवर, नेपथ्यावर काम करायची, दिवाणखान्यांतून जमैकाच्या गोष्टी सांगायची. १९०३ मध्ये तिनं ग्रीन शीफ नावाचं छोटं मासिक काढलं. हातानं रंगवलेलं. त्याचे १३ अंक निघाले आणि ते बंद पडलं. आपल्या मंडळाचा छापील अंक बंद होऊन ई-अंक सुरू झाला, त्या वेळच्या बैठका ज्यांनी बसून काढल्यात त्यांना यामागचा हिशेब समजेल.

याच काळात, १९०१ च्या सुमारास, ती हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळात गेली. कवी येट्स तिच्या ओळखीचे आणि त्या मंडळातले. तिथंच आर्थर एडवर्ड वेट भेटले. तिच्याहून वीस-एकवीस वर्षांनी मोठे, ग्रंथांत बुडालेले. मंडळात फूट पडली तेव्हा ती वेट यांच्या गटाबरोबर राहिली. पण तिथल्या पायऱ्या चढून फार वर जायची हौस तिला दिसत नाही. तिचं लक्ष चित्रांवर. संगीत ऐकताना तिला डोळ्यांपुढं आकार दिसत, आणि मैफल चालू असतानाच ती ते कागदावर उतरवी. ही चित्रं घेऊन ती न्यूयॉर्कला गेली. आल्फ्रेड स्टिगलिट्झ यांची गॅलरी तोपर्यंत फक्त छायाचित्रांची होती. छायाचित्रांखेरीज दुसरं काही त्यांनी तिथं पहिल्यांदा मांडलं ते जानेवारी १९०७ मध्ये, आणि ती चित्रं पामेलाची होती. पिकासो, मातीस यांची कामं त्या गॅलरीत नंतर आली.

१९०९ मध्ये वेट यांनी तिला पत्त्यांचं काम दिलं. काही महिन्यांत तिनं ते उरकलं. मोठ्या २२ पत्त्यांवर काय असावं हे वेट यांनी बारकाईनं सांगितलं असावं, पण छोट्या ५६ ची फारशी फिकीर केली नसावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ते मला पटतं, कारण खरी जान छोट्यांतच आहे. प्रत्येक छोट्या पत्त्याला प्रसंग द्यायचा, ही तेव्हा जवळजवळ नवी गोष्ट होती. तसा एक जुना इटालियन जोड होता, सोला बुस्का नावाचा, पंधराव्या शतकातला. त्याची छायाचित्रं १९०७ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये आली होती आणि पामेलानं ती पाहिली असणार; हृदयातल्या तीन तलवारी तिथं आधीच आहेत. पण बाकीचं नाटक तिचं. काही पत्त्यांत माणसांच्या पाठीमागं आडवी रेष दिसते, जशी रंगमंचाची जमीन संपून मागचा पडदा सुरू व्हावा. लायसियमच्या विंगेत उभं राहिलेल्या डोळ्यांनीच ती काढली आहे.

काम संपल्यावर नोव्हेंबरमध्ये तिनं स्टिगलिट्झ यांना पत्र लिहिलं. त्यात तिनं कळवलं की एक मोठं काम नुकतंच संपवलंय, आणि पैसे फारच थोडे मिळालेत. एवढंच. वर्षअखेरीस लंडनच्या विल्यम रायडर अँड सन यांनी पत्ते बाजारात आणले. प्रकाशकाचं नाव आणि संकल्पकाचं नाव मिळून जोडाला नाव पडलं. विक्रीवर तिला पुढं काही मिळत राहिलं नाही.

पत्ते वाचायला मी कशी शिकले ते इथंच सांगते. आधी सोबतच्या पुस्तिकेतले अर्थ घोकले. ७८ सुलट, ७८ उलट. पंधरा दिवसांत डोक्याचा भुगा झाला. मग पुस्तिका बाजूला ठेवून रोज सकाळी एकच पत्ता काढायला लागले, आणि चित्रात काय दिसतं तेवढंच वहीत लिहायचं ठरवलं. कोण उभं, कोण बसलेलं, कुणाच्या पायात काय, आभाळ कसं. अर्थ लिहायचा नाही. महिन्याभरात पत्ते आपणहून बोलायला लागले, कारण ते एका गोष्ट सांगणाऱ्या बाईनं काढले होते. नाण्यांच्या नव्वीत श्रीमंत बाईच्या पायाशी एक गोगलगाय आहे, ती मला पंचविसाव्या दिवशी दिसली. नाण्यांच्या तिर्रीत एक कारागीर धर्मस्थळाच्या कमानीत काम करतोय आणि दोघं जण नकाशा धरून त्याच्याशी बोलताहेत. नकाशा त्यांच्या हातात, हातोडी याच्या.

बाबांच्या धंद्याबद्दल मी जेव्हा पहिल्यांदा पत्ता काढला तेव्हा नाण्यांची पंजी आली. बर्फ पडतोय. फाटक्या शालीतली एक बाई अनवाणी चाललीये, मागं कुबड्या घेतलेला माणूस, गळ्यात घंटा. त्यांच्या डोक्यावर चर्चची रंगीत काचेची खिडकी आतल्या उजेडानं झळकतेय. दार कुठं दाखवलेलंच नाही. मी पत्ते चार दिवस कपाटात टाकून दिले होते.

पामेला १९११ मध्ये कॅथलिक झाली. त्याच वर्षी तिनं स्टोकर यांच्या शेवटच्या कादंबरीला चित्रं दिली. स्त्रियांच्या मतदानहक्काच्या चळवळीसाठीही ती काम करत होती. पण मागणी ओसरत गेली. पहिल्या महायुद्धानंतर एका काकांकडून थोडा पैसा आला, त्यावर तिनं कॉर्नवॉलमध्ये लिझर्ड इथं घर घेतलं. जवळ एक छोटं चॅपेल होतं. सुट्टीवर येणाऱ्या धर्मगुरूंसाठी विश्रामगृह चालवून ती चरितार्थ भागवायची. नोरा लेक ही मैत्रीण शेवटपर्यंत सोबत राहिली. पुढं दोघी ब्यूड गावी गेल्या. १८ सप्टेंबर १९५१ रोजी तिथंच पामेला वारली, वयाच्या ७३ व्या वर्षी. सगळं नोराला मिळावं असं तिनं मृत्युपत्रात लिहिलं होतं. पण देणी इतकी निघाली की चित्रांसकट सामान विकावं लागलं. तिच्या थडग्यावर नावाचा दगड नाही. टॅरोची तिनं काढलेली मूळ चित्रं आजवर सापडलेली नाहीत.

पत्ते पुढं अमेरिकेत पुन्हा छापले जाऊ लागले, आणि मग जगभर गेले. २००९ मध्ये शंभर वर्षं झाल्यानिमित्त निघालेल्या आवृत्तीवर तिचं नाव आलं, आणि वेटच्या आधी आलं. आता बरेच लोक रायडर-वेट-स्मिथ म्हणतात. मीसुद्धा.

मागच्या महिन्यात हा लेख लिहायला घेतला तेव्हा बाबांना पत्ते दाखवले. भविष्याचं काही बोलले नाही. त्यांनी चष्मा वर सरकवला, भिंग आणलं आणि एकेका पत्त्याच्या कोपऱ्यातली ती नागमोडी खूण बघितली. ही रेघ हात न उचलता मारलीये, असं त्यांचं मत पडलं. किती चित्रं, किती दिवसांत, याचा हिशेब त्यांनी बोटांवर केला आणि मान हलवली. मग नाण्यांची पंजी त्यांच्या हाती आली. तिच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले, आणि बर्फ दाखवायला पांढरा न लावता कागद कसा कोरा सोडलाय ते मला समजावत बसले.